फ्रान्समध्ये फिरताना तिथल्या खवय्यांसोबत एखादं जेवण ठरवायचं आहे. कसं जमवावं?

तुम्ही लिहिलंय की दहा दिवसांच्या फ्रान्सवारीत पॅरिसमधल्या चार-पाच खवय्यांसोबत एकदा तरी टेबलाला बसायचं आहे. ओळख फक्त फोनवरच्या गप्पांची, प्रत्यक्ष भेट नाही. मी हा उद्योग दोनदा केलाय, एकदा फसला आणि एकदा फार सुंदर जमला. त्यावरून सांगतो: रात्रीचं जेवण नको, दुपारचं ठेवा. आणि शक्य असेल तर पॅरिस सोडून सगळ्यांनी मिळून खाण्यासाठी नावाजलेल्या लिऑन शहराला जा. तेजेव्हे (TGV) या वेगवान रेल्वेने दोन तासांत पोचता येतं, संध्याकाळी परत येता येतं. शिवाय त्या प्रवासात जो संकोच मोडतो, तो टेबलावर मोडायला तास लागला असता.

दुपारचं का, तर पहिल्यांदाच भेटणाऱ्या माणसांना दुपार सोयीची पडते. ज्याला लवकर निघायचंय तो निघू शकतो. बऱ्याच ठिकाणी दुपारचं ठरावीक जेवण रात्रीपेक्षा स्वस्तही असतं. एक लक्षात ठेवा, तिथे 'मेन्यू' म्हणजे ठरलेल्या किमतीचं दोन-तीन पदार्थांचं जेवण. पदार्थांच्या यादीला 'कार्त' म्हणतात. आणि 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे. साडेबाराला बसा. दोनच्या सुमाराला स्वयंपाकघर आवरायला घेतात आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी काही मिळत नाही. रविवारी आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणं बंद असतात. तुमच्या मित्रांच्या नोकऱ्या असतील तर शनिवारच उरतो, पण त्या दिवशी गर्दी असते, म्हणून टेबल दोन-तीन आठवडे आधी धरा.

आता माणसं किती? सहा. यावर मी अडून बसेन. पहिल्या खेपेला मी उत्साहाच्या भरात नऊ जणांना बोलावलं. त्या रेस्टॉरंटने आम्हाला दोन वेगळ्या टेबलांवर बसवलं. दोन टोकांची माणसं एकमेकांशी एक वाक्यही बोलली नाहीत. त्यातून दोघं आलीच नाहीत आणि त्यांच्या खुर्च्यांचा भुर्दंड माझ्या कार्डावर पडला. अट बुकिंगच्या पानावर लिहिलेली होती, मी वाचली नव्हती. सहापेक्षा जास्त लोक असले की बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन बुकिंग चालतही नाही, फोन करावा लागतो.

लिऑनमध्ये 'बूशों' नावाची छोटी, जुन्या धाटणीची खाणावळ शोधा. टेबलं इतकी चिकटून की शेजारच्याचं कोपर लागतं. वाइन 'पो' नावाच्या जाड बुडाच्या बाटलीत येते, ४६ सेंटिलिटरची. दुसऱ्या खेपेला आमच्या सहा जणांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. केनेल, म्हणजे पाइक माशाच्या वाटलेल्या मांसाचा पदार्थ, मागवायचा हट्ट त्यांचा. गरम भांड्यात कडेने सॉस खदखदतोय आणि मधे तो लांबट, फुगलेला गोळा. चमचा टेकवला की थरथरायचा. पाइक माशात बारीक काटे फार, म्हणून त्याचं मांस वाटून चाळणीतून काढतात, हे त्यांनी केनेलचे सहा भाग करता करता सांगितलं. तिथे जो तो आपलं ताट आपण खातो, वाटून खायची रीत नाही. पण सुरुवातीलाच विचारलं तर रिकाम्या ताटल्या आनंदाने देतात. त्या सहा तुकड्यांनंतर कुणी परकं राहिलं नाही.

जेवणानंतर त्याच बाईंनी आम्हाला र्यू रॉयालवर नेलं. तिथे युजेनी ब्राझिये या नामवंत शेफबाईंनी १९२१ साली सुरू केलेलं रेस्टॉरंट आहे. १९३३ मध्ये त्यांच्या दोन रेस्टॉरंटना मिळून मिशेलिन या खाद्यमार्गदर्शिकेचे सहा तारे होते. प्रसिद्ध फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज त्यांच्याच हाताखाली शिकले. आत जायला ना पोटात जागा होती ना हातात वेळ, तरी दाराशी आम्ही बराच वेळ बोलत उभे होतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कुणी शाकाहारी असेल तर बूशोंमध्ये हा बेत करू नका. तिथलं खाणं आतडी, कोथळा आणि डुकराचं मांस यांवर उभं आहे. शाकाहारी माणूस सॅलड चिवडत बसेल आणि तुम्हालाही घास गोड लागणार नाही. म्हणून बोलावतानाच प्रत्येकाला विचारा, काय चालत नाही? ॲलर्जी असेल तर बुकिंगमध्ये लिहा. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं रेस्टॉरंटांना बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला लाजू नका.

पैशांचंही आधीच बोला. बिलाचे सारखे भाग करणं सगळ्यात सोपं. कोण काय जेवलं याचा हिशेब टेबलावर मांडला की वाढणाऱ्याची पंचाईत होते. वाइन न पिणारे असतील तर वाइनचे पैसे पिणाऱ्यांत वाटून घ्या आणि हे निरोपातच लिहून टाका. सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, टिप सक्तीची नाही. नळाचं पाणी मोफत असतं, 'काराफ दो' म्हणून मागा.

बुकिंग एकाच्याच नावावर, म्हणजे तुमच्या. आदल्या दिवशी सकाळी प्रत्येकाकडून 'येतोय' असा निरोप घ्या आणि सहाचे पाच झाले असतील तर लगेच रेस्टॉरंटला फोन करा. एवढ्याशा जागेत त्यांना ती एक खुर्चीही मोलाची असते.