लिस्बन ते अथेन्स नको, एक आयोनियन समुद्र पुरे

तुमचा बेत वाचला. घर भाड्याने द्यायचं, दोघांनी मिळून ३६ फुटी शिडाची बोट घ्यायची, एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून किनाऱ्यावरची गावं बघत सप्टेंबरात अथेन्स गाठायचं आणि वर्षभर बोटीवरच राहायचं. पासपोर्ट दोघांचाही भारतीय. आम्ही नवराबायको तेवढ्याच लांबीच्या बोटीवर ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात वर्षातले तीनेक महिने राहतो, म्हणून सविस्तर लिहितोय. बोटीवर जरूर राहा, पण लिस्बन-अथेन्सचा विचार सोडून द्या.

पहिली अडचण दिवसांची. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) कुठल्याही दिवशी मागचे १८० दिवस मोजले तर त्यातले ९० पेक्षा जास्त दिवस तुम्ही आत असता कामा नये. पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस सगळे एकाच हिशेबात येतात. पूर्वी मुदत संपत आली की लोक क्रोएशियात जाऊन थांबायचे. १ जानेवारी २०२३ पासून तोही शेंगेनमध्ये आला. आता या बाजूला बाहेर उरले अल्बानिया, माँटेनेग्रो आणि तुर्की. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर येण्याजाण्याची संगणकावर नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे पासपोर्टवरचा शिक्का पुसट आहे वगैरे सबबी चालणार नाहीत. आता अंतर बघा. दीड हजार सागरी मैलांच्या वर आहे. अशी बोट ताशी पाच-सहा मैल चालते, आणि गावं बघत जायचं तर दिवसाला २५-३० मैलांच्या पुढे जाववत नाही. पन्नास-साठ दिवस नुसते चालण्यातच जातील. उलट्या वाऱ्यामुळे अडकून पडाल ते दिवस वेगळे. त्यात पोर्तुगालचा किनारा आणि जिब्राल्टरच्या आसपास २०२० पासून ऑर्का देवमासे बोटींची सुकाणू मोडतायत, काही बोटी त्यात बुडाल्याही. नव्या माणसाने पहिल्याच वर्षी तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचा क्रम असा: २० मेपासून जूनअखेर बोटीवर, मग घरी, पुन्हा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. दोन्ही मिळून नव्वद दिवसांच्या आत बसतात आणि जुलै-ऑगस्टची गर्दी आपोआप टळते. मधल्या काळात बोट प्रेवेझा गावासमोर अक्तिओला, बोटी ठेवायच्या यार्डात, जमिनीवर. (इ.स.पू. ३१ मध्ये अँटनी आणि क्लिओपात्राचं आरमार जिथे हरलं तीच ही जागा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ पाण्याकडे बघत बसलो होतो.) वर्षभरच राहायचं असेल तर ग्रीसचा दीर्घ मुदतीचा व्हिसा बघावा लागेल. स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी तशी सोय आहे, पण मग कराचं रहिवासीपणही मागे लागतं. बोटीचा हिशेब तुमच्यापेक्षा वेगळा: व्हॅट भरलेली असेल तर तुम्ही बाहेर गेलात तरी ती तिथे राहू शकते. म्हणून सौद्याआधी व्हॅटची मूळ पावती डोळ्यांनी बघा, आणि झेंडा कोणत्या देशाचा लावता येईल तेही आधी ठरवा. अनेक युरोपीय देशांत बोटीच्या नोंदणीसाठी नागरिकत्व किंवा रहिवास लागतो.

आयोनियनच का? वाऱ्यामुळे. ग्रीसच्या पूर्वेच्या एजियन समुद्रात भर उन्हाळ्यात मेल्तेमी हा उत्तरेचा जोरदार वारा सुटला की दिवसेंदिवस थांबत नाही. इकडे सकाळी पाणी शांत, दुपारी वायव्येचा वारा भरतो आणि संध्याकाळी पडतो. खारे आणि मतलई वारे शाळेत शिकलो होतो, ते इथे रोज अंगावर येतात. बेटं आणि गावंही हाकेच्या अंतरावर: कॉर्फू, पाक्सोसचं गाइओस, लेफ्कादाचा कालवा (तिथला तरंगता पूल ठरावीक वेळी बोटींसाठी उघडतो), मेगानिसी, इथाका, केफालोनियाचं फिस्कार्दो. १९५३ च्या भूकंपात केफालोनिया जवळजवळ सगळं कोसळलं, पण फिस्कार्दोची जुनी घरं वाचली. तिथे धक्क्यावर जागा हवी असेल तर दुपारी एकच्या आत पोहोचा.

कारण खरी परीक्षा धक्क्यालाच असते. इथे बोट आडवी लावत नाहीत. धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर नांगर सोडायचा, साखळी सोडत सोडत मागे यायचं आणि मागचे दोन दोर धक्क्यावर द्यायचे. मागे येताना बोट सुरुवातीला सुकाणूचं ऐकत नाही, तिला थोडा वेग लागतो. त्यात बाजूने वारा आला तर बोटीचं पुढचं टोक वाऱ्याबरोबर ढकललं जातं. आधी वारा येतो त्या बाजूचा दोर द्या, तो बसला की निम्मं काम झालं. मग साखळी ताणून बघा. ढिली राहिली तर रात्री वारा फिरल्यावर बोटीची पाठ दगडावर आपटेल. खाडीत नांगरताना पाण्यातले फिकट, वाळूचे पट्टे शोधा. गडद दिसतं ते पोसिडोनिया गवत. त्यात नांगर धरत नाही, शिवाय ते उपटलं की पुन्हा वाढायला फार वर्षं लागतात. पाच मीटर पाण्यात पंचवीस मीटर साखळी, वारा असेल तर अजून.

सप्टेंबरात हवामानाचा अंदाज दिवसातून दोनदा बघा. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस वादळाने याच बेटांवर कित्येक बोटी फोडल्या.

स्वयंपाकाचं विचारलंय: आपला प्रेशर कुकर न्या. झाकण घट्ट बसतं, बोट हलली तरी उकळतं पाणी अंगावर येत नाही, आणि गॅस वाचतो. छोले, मसूर इथे गावोगाव मिळतात. तूरडाळ मात्र अथेन्सला ओमोनियाजवळच्या दुकानांतून भरून आणावी लागते.

बोट घेण्याआधी मे महिन्यात लेफ्कादाहून एक बोट आठवडाभर भाड्याने घ्या. भाड्याची बोट देताना परवाना बघतात, म्हणून त्याआधी मुंबईत शिडाच्या बोटीचं शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवा. वहिनींनीही शिकावं, हे मी आग्रहाने सांगतो. तुम्ही सुकाणूवर आणि त्या कायम दोरावर अशी वाटणी करू नका, रोज अदलाबदल करा. तुमची पाठ धरली किंवा ताप आला तर बोट धक्क्याला त्यांनाच लावायची आहे.