वाचकांचे प्रश्न : पहिलीच्या वर्गातलं विज्ञान

प्रश्न : बुडणं-तरंगणं दाखवल्यावर सगळी मुलं एका सुरात म्हणाली, ‘जड बुडतं, हलकं तरंगतं.’ घनता शिकवायची का?
– एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

उत्तर : एवढ्यात नको. सहा वर्षांच्या मुलासाठी तो पाठ करायचा आणखी एक शब्द. दगड, खिळा, पीस आणि थर्माकोल एवढंच टबात टाकलं, तर मुलं दुसरं म्हणणार तरी काय? त्यांचा नियम वस्तूंनाच मोडू द्या. अर्ध्या किलोचा दुधी आणि एक छोटासा खडा घ्या. आधी दोन्ही हातात देऊन कोणतं जड ते ठरवू द्या, मग पाण्यात सोडा. दुधी तरंगतो, खडा तळाशी. पाणी मात्र वीतभर खोल हवं. कमी पडलं की दुधी तळाला टेकतो आणि मुलं ‘बुडला’ म्हणतात.

वस्तू टाकण्याआधी अंदाज घ्याच : तरंगेल तर हात वर, बुडेल तर खाली. तेही डोळे मिटून. नाहीतर अर्धा वर्ग हुशार मुलाकडे बघून हात उचलतो.

दुसऱ्या दिवशी लिंबाएवढा क्लेचा गोळा द्या. तो बुडतो, त्याचीच पातळ वाटी करून अलगद ठेवली तर तरंगते. बुडालीच, तर बहुतेक वेळा काठ बुटका राहिलेला असतो किंवा चिरलेला. शाडू नको, ती पाण्यात विरते. ‘वजन तेवढंच, मग आता का तरंगली?’ एवढं विचारून थांबा. ‘पोट मोठं झालं’ हे उत्तर पहिलीला भरपूर झालं.

प्रश्न : कापसात लावलेले मूग दरवेळी कुजतात. काय चुकतं?
– एक पालक

उत्तर : पाणी जास्त होतं. बी बुडालं की त्याला हवा मिळत नाही. मग वास आणि बुरशी. कापूस ओला हवा, पण दाबला तर पाणी टपकायला नको. त्यापेक्षा काचेच्या ग्लासात आतून वर्तमानपत्राची गुंडाळी बसवा आणि काच-कागदाच्या मध्ये, तळापासून तीन-चार बोटं वर, रात्रभर भिजवलेले दहा मूग सरकवा. तळाशी बोटभरच पाणी. कागद ते वर ओढून घेतो, आणि मूळ काचेतून दिसतं. झाकण नको.

रविवारी रात्री भिजवा, सोमवारी लावा. शनिवार-रविवारच्या सुट्टीआधी मूळ आणि कोंब दोन्ही बघून होतात. शेजारी एक ग्लास कोरडा ठेवा. राजमा मोठा आणि देखणा, पण वेळ लावतो. तोवर मुलांचा उत्साह मावळतो. डाळ उगवत नाही, हेही एकदा लावून दाखवण्यासारखं आहे. पेरणीचं रंगीत बियाणं मात्र मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

प्रश्न : पहिलीला परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तकच नाही. हे घ्यायचं कोणत्या तासाला?
– एक शिक्षक

उत्तर : भाषेच्या आणि गणिताच्या. रोज ग्लासाचं चित्र काढायचं आणि काय बदललं ते एका वाक्यात सांगायचं, ही भाषा. दहापैकी किती उगवले, किती राहिले, ही वजाबाकी. मूळ मोजायला पट्टी नको, दोरा पुरतो : मुळाएवढा कापून तारखेपुढे वहीत चिकटवायचा.