क्लॉड मार्टिन हा सैनिक होता की शस्त्रे घडवणारा कारागीर?

तो दोन्ही होता, पण त्याचे वैशिष्ट्य शस्त्रागारातील कामात अधिक दिसते, असे माझे मत आहे. 1735 साली फ्रान्समधील ल्यों येथे जन्मलेला मार्टिन फ्रेंच कंपनीचा सैनिक म्हणून तरुणपणीच हिंदुस्थानात आला. पुढे फ्रेंचांचा पाडाव होऊन पाँडिचेरी त्यांच्या हातून गेली त्या सुमारास तो इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. जन्माने फ्रेंच असलेल्या माणसासाठी ही मजल लहान नव्हती.

1776 पासून तो अवधचा नवाब आसफउद्दौला याच्या लखनौ येथील शस्त्रागाराचा प्रमुख होता. तेथे त्याच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि चकमकीची (गारेच्या ठिणगीने बार उडवणारी) पिस्तुलेही तयार होत, व त्यांची घडण युरोपीय बनावटीच्या तोडीची असे. 1786 मध्ये त्याने ओतलेली ‘लॉर्ड कॉर्नवॉलिस’ ही तोफ 1792 च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात, म्हणजे टिपू सुलतानाविरुद्ध, वापरली गेली. त्या मोहिमेत मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असेलच. ही तोफ आजही लखनौच्या ला मार्टिनियर महाविद्यालयासमोर उभी आहे.

कारागिरीची ही खुमखुमी इतकी, की मूत्राशयातील खडा त्याने स्वतःच तारेच्या कानशीने हळूहळू झिजवून काढला. 1800 साली लखनौतच त्याचे निधन झाले. त्याच्या मृत्युपत्रातील पैशातून लखनौ, कलकत्ता आणि ल्यों येथे शाळा निघाल्या.