आधी शेजारची वाटी परत करा

ताई, रोज देवाची प्रार्थना करायची, आभार मानायचे असं ठरवलंत आणि आठ दिवसांत कंटाळा आला म्हणालात, तो येणारच. देवासाठी वेगळा तास काढायला गेलात, तिथंच गडबड झाली. मीही तेच केलं होतं.

सध्या रोजचं एकच काम धरा. दूध आणणं, गिरणीत दळण टाकणं, काहीही. मी आमच्या सांगलीच्या गणपती पेठेत किराणा आणायला जातो, मोबाइल खिशात ठेवून. हळदीचा वास आला की पाय आपोआप थबकतात. कुणीतरी ही शेतातून काढली, शिजवली, उन्हात वाळवली, तेव्हा माझ्या आमटीत पडते, एवढंच मनात येतं. झाली प्रार्थना.

दुसरं, आभार माणसाचे माना, तोंडावर. ‘देवाची कृपा’ म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हा पाच जणांना चार दिवस ठेवून घेतलं. दूध जेमतेम, तरी पहिला कप आमच्या आईला. त्यांना ‘काकू, तुमच्यामुळं तरलो’ म्हणायला मला दिवाळी उजाडली. लाजत होतो, दुसरं काय!

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या:
- रोज दहा गोष्टींची यादी. गृहपाठ होतो त्याचा.
- दिल्याघेतल्याचा हिशेब.
- वाईट दिवसही बळंच गोड मानणं. रिक्षावाल्याशी भांडण झालं तर झालं, त्या दिवशी सुट्टी.

जप, उपवास, पारायण पुढचं पुढं बघू. शेजारची वाटी ओट्यावर पडली असेल ना? उद्या देऊन या. रिकामी नको, चार लिंबं टाका.