जास्त पगाराची विमान कंपनी घ्यावी का?

प्रश्न: मी 25 वर्षांची, तासगाव तालुक्यातली. बारामतीत प्रशिक्षण घेऊन कमर्शियल पायलट लायसन्स मिळवलं, 210 तास झाले आहेत. घर तारण ठेवून 40 लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलंय, 10.5 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत. दोन प्रादेशिक विमान कंपन्यांकडून बोलावणं आलंय आणि दोन्हीकडे टर्बोप्रॉप (पंख्याची, छोटी) विमानं आहेत. पहिली कंपनी नवी, तिचा ताफा लहान. पगार महिना 1,60,000 (60,000 ठरलेले, बाकीचे तासाला 2,000 प्रमाणे, 50 तास धरून), पण 14 लाखांचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याचं खास प्रशिक्षण, स्वखर्चाने करायचं. बाँड नाही. दुसरी कंपनी जुनी. पगार 1,15,000, त्यातले 95,000 ठरलेले. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीचा, मात्र 4 वर्षांचा 20 लाखांचा बाँड (त्याआधी नोकरी सोडली तर ती रक्कम भरायची). बाबा निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणतात पहिली घे, 14 लाखांसाठी द्राक्षबाग गहाण ठेवतो. काय करू?

उत्तर: बाग गहाण ठेवू देऊ नका. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून माझा कौल दुसऱ्या कंपनीला आहे. पण तिच्या बाँडवर आहे तशी सही करू नका, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी बाबांना दिसलेला 45,000 चा फरक बघू. 40 लाखांचा हप्ता साधारण 54,000 येतो. त्यात 14 लाख वाढवले आणि व्याज-मुदत तीच धरली, तर हप्ता 73,000 च्या आसपास जातो. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीने पहिल्या पगारावर महिना सुमारे 14,600 कर लागेल, दुसऱ्यावर 6,600. कर आणि हप्ता वजा केल्यावर पहिल्या कंपनीत तुमच्या हाती सुमारे 72,500 उरतात आणि दुसऱ्या कंपनीत 54,400. म्हणजे 45,000 चा फरक 18,000 वर आला. तोही 50 तास दर महिन्याला नेमाने भरले तरच.

ते नेमाने भरत नाहीत. प्रादेशिक उड्डाणं छोट्या पल्ल्यांची असतात. दिवसात चार वेळा चढ-उतार झाला तरी लॉगबुकात तास थोडेच पडतात. पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या चिपीसारख्या विमानतळावर ढग खाली आले की फेऱ्या रद्द होतात. लहान ताफ्यातलं एक विमान सुट्या भागासाठी जमिनीवर बसलं, तर त्या महिन्याचं सगळ्यांचं रोस्टर हलतं आणि सर्वांत आधी तास कमी होतात ते सर्वांत कनिष्ठ सहवैमानिकाचे. समजा 20 तासच मिळाले. मग पहिल्या कंपनीत हातात येणार 1,00,000, त्यातून 73,000 बँकेला, आणि उरलेल्यात परक्या शहरातलं भाडं, जेवण, कर. एकही तास मिळाला नाही तर 60,000 पगार आणि 73,000 हप्ता. दुसरीकडे शून्य तासांच्या महिन्यातही 95,000 येतात आणि हप्ता 54,000 च राहतो. कावीळ झाली किंवा हात मोडला आणि डॉक्टरांनी तात्पुरतं अनफिट ठरवलं, तरी हिशोब हाच.

याहून मोठी जोखीम कंपनीच्याच आयुष्याची आहे. छोट्या शहरांना विमानसेवा देण्याच्या केंद्राच्या 'उडान' योजनेत एखाद्या मार्गाला सरकारी आधार साधारण तीन वर्षं मिळतो. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालानुसार मंजूर 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत, आणि सवलतीची मुदत संपल्यानंतर मार्च 2023 पर्यंत टिकून होते फक्त 54. आपल्या भागाने हे जवळून पाहिलंय. एअर डेक्कनने मुंबईहून जळगाव आणि नाशिकला विमानं सुरू केली आणि 2020 मध्ये ती थांबली. ट्रूजेटची विमानं नांदेड, जळगाव, कोल्हापूरला येत होती, 2022 मध्ये तीही बंद पडली. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. जेट 2019 मध्ये जमिनीवर आली, गो फर्स्ट 2023 मध्ये. शिवाय बहुतेक विमानं भाड्याची असतात, आणि 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्यामुळे हप्ते थकवणाऱ्या कंपनीकडून विमान परत नेणं मालकांना आता सोपं झालंय. मोजक्या विमानांच्या कंपनीतून दोन विमानं परत गेली तर वेळापत्रकात उरतं काय?

कंपनी बंद पडली की तुमचं टाइप रेटिंग कागदावर राहतं, पण त्याच विमानाचे बाकीचे सगळे वैमानिकही त्याच आठवड्यात नोकरी शोधायला निघालेले असतात. 14 लाख स्वतः भरलेल्या मुलीच्या वाट्याला तेव्हा बेकारीही येते आणि कर्जही. कंपनीने खर्च केला असेल तर तिच्याकडे निदान ते जादा कर्ज नसतं. टाइप रेटिंग कोणाच्या पैशाने होतं याला मी पगारापेक्षा जास्त वजन देते ते यासाठी. नव्या कंपनीवर हा राग नव्हे. धाडसी माणसं अशा कंपन्या उभ्या करतात म्हणून तर जळगाव-सिंधुदुर्गाला विमान येतं. पण त्या धाडसातला वाटा एका निवृत्त शिक्षकाच्या द्राक्षबागेने उचलावा हे मला पटत नाही.

पहिल्या कंपनीच्या बाजूने एक मुद्दा खरोखर भक्कम आहे, तो म्हणजे तास. एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्ससाठी, एकूण 1500 तास लागतात (सोबत इतर अटी आहेतच), आणि खरी पगारवाढ त्यानंतर कमांड (कॅप्टनपद) मिळाल्यावर होते. तुम्हाला अजून 1290 तास हवेत. महिना 40 तासांनी ते 32 महिन्यांत होतील, 50 तासांनी 26 आणि 70 तासांनी साडेअठरा महिन्यांत. म्हणून दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न विचारा: मागच्या जुलैमध्ये तुमच्या सर्वांत कनिष्ठ सहवैमानिकाने किती तास उडवले? सरासरी विचारू नका, जुलै विचारा. एचआर टोलवाटोलवी करेल, तेव्हा तुमच्या फ्लाइंग स्कूलचे दोन-तीन वर्षं पुढचे सीनियर गाठा. ते लॉगबुक उघडून दाखवतील. पहिल्या कंपनीत जुलैतही 65-70 तास पडत असतील आणि ती टाइप रेटिंगचा खर्च स्वतः करून पगारातून कापायला तयार असेल, तर माझं मत बदलेल. नुसत्या तासांवर नाही बदलणार.

'बाँड नाही म्हणजे मोकळी' असंही बाबांना वाटत असेल. विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएच्या 2017 च्या नियमाने सहवैमानिकाला 6 महिन्यांची नोटीस द्यावी लागते, बाँड असो वा नसो.

आता दुसऱ्या कंपनीचा बाँड. असे बाँड कोर्टात टिकत नाहीत, असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. मे 2025 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात ठरावीक काळ नोकरीचं बंधन आणि ते मोडल्यास रक्कम भरण्याची अट वैध धरली. त्यामुळे जे मागायचं ते सहीआधीच मागा. 20 लाखांची रक्कम दर महिन्याला घटत गेली पाहिजे. चौथ्या वर्षाच्या अकराव्या महिन्यातही पूर्ण 20 लाख मागणारा बाँड अन्यायाचा आहे. कंपनीने सलग तीन महिने पगार थकवला, विमानं काढून टाकली किंवा तुम्ही वैद्यकीय कारणाने कायमच्या अनफिट ठरलात, तर बाँड संपेल असं लिहून घ्या. प्रशिक्षण कधी सुरू होणार, स्टायपेंड कधीपासून, पूर्ण पगार कधीपासून, हेही तारखेनिशी हवं, कारण बँकेचा हप्ता सिम्युलेटरच्या तारखेसाठी थांबत नाही. आणि बाबांची सही जामीनदार म्हणून नको, त्यांचे कोरे चेक तर मुळीच नकोत. चेक परत गेला तर फौजदारी खटला ज्याची सही त्याच्यावर होतो.

रुजू झाल्यावर कर्ज लवकर फेडायची घाई होईल, विशेषतः घर तारण असताना. तरी आधी नऊ हप्त्यांएवढी रक्कम, म्हणजे सुमारे 4.9 लाख, मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात बाजूला काढा. तोवर गाडी नाही. त्यानंतर जादा भरणा सुरू करा.

विम्याच्या बाबतीत वैमानिक हमखास फसतात. नेहमीच्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत विमान अपघाताचं संरक्षण तिकीट काढून बसलेल्या प्रवाशापुरतं असतं, कॉकपिटमधल्या माणसाला नसतं. त्यामुळे एक कोटीचा टर्म विमा घ्या आणि अर्जात 'वैमानिक' असं स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, दावा नाकारला गेलेला चालणार नाही. लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा गट-विमा कंपनी देते का, किती रकमेचा आणि पहिल्या दिवसापासून का, हेही विचारा. तुमचं क्लास 1 मेडिकल दरवर्षी होणार आहे. तुमची सगळी कमाई त्या एका कागदावर उभी आहे.

कराचं एक राहिलं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. पहिल्या वर्षी तुमचं व्याज सुमारे 4.1 लाख होईल. पीएफ वगैरे धरून दीड लाखाची वजावट पूर्ण भरली, तर दुसऱ्या कंपनीच्या पगारावर जुन्या प्रणालीत वर्षाला नऊ-साडेनऊ हजार कमी कर बसतो, घरभाड्याची सूट मिळाली तर आणखी कमी. व्याज घटत जाईल तसा हा फायदाही जाईल, म्हणून दरवर्षी नव्याने मांडून बघा. कर्ज मात्र तुमच्या नावावर हवं आणि हप्ता तुमच्या खात्यातून जायला हवा. ते बाबांच्या नावावर असेल तर ही वजावट तुम्हाला मिळणार नाही.

दुसऱ्या कंपनीला आजच मेल करा: घटत जाणारा बाँड, तो संपण्याच्या तीन अटी आणि स्टायपेंडची तारीख, एवढंच मागा. त्यांनी बाँड घटवायला ठाम नकार दिला, तर त्यांचं उत्तर आणि कराराचा मसुदा मला पाठवा. सही त्यानंतर.