एफवायला आहेस आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात यायचंय?

भावा, कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे तालमींचे (म्हणजे पेठांतल्या मंडळांचे) संघ, पेठा आणि शाहू स्टेडियमची गर्दी येते. लहान कॉलेजचा संघ त्यात कुठेच नसतो. पण फायदाही तिथंच आहे. निवडीला जेमतेम वीस पोरं येतात, त्यामुळे पहिल्याच वर्षी मैदानात उतरायची संधी मिळते.

फक्त ‘मी फॉरवर्डच खेळणार’ हा हट्ट सोड. फॉरवर्ड सगळ्यांनाच व्हायचं असतं. लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावाला, माणूस मिळत नाही. डाव्या पायानं बॉल लांब काढता येत असेल आणि समोरचा विंगर (कडेनं चढाई करणारा) अंगावर आला तरी घाई न करता त्याला बाजूच्या रेषेकडे ढकलता येत असेल, तर तुझी जागा पक्की समज. उजव्या पायाचा असशील तर आतापासून रोज भिंतीवर डाव्यानं मार. कंटाळवाणं आहे, पण उपयोग होतो.

कागदपत्रं आधीच जिमखान्यात दे. विद्यापीठाच्या स्पर्धांना पात्रता अर्ज लागतो, वयाची अटही असते. अर्ज अडकला की कितीही भारी खेळ, बाहेर बसावं लागतं.

तालमीकडूनही खेळतोस ना? मग दोन्हीकडच्या तारखा सरांना आधीच सांग. आणि नवे स्टड (फुटबॉलचे बूट) थेट मॅचला घालू नकोस, आठवडाभर सरावात वापर. घोटा मुरगळला तर त्या दिवशी खेळ बंद, सिनियर काहीही म्हणोत.