कॉलेजची कागदपत्रं व्हॉट्सॲपवर हरवतात, गूगल घ्यावं, टीम्स की मूडल?

तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या अनुदानित कॉलेजात आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) बघता. विभागांचे अहवाल, फोटो, हजेरीपत्रकं ग्रुपवर फिरतात आणि एक्यूएआर (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल) भरायला बसलं की सापडत नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे.

मूडल बाजूला ठेवा. ते शिकवण्यासाठी आहे, दफ्तरासाठी नाही. शिवाय सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो. उरलेल्या दोन्हींपैकी कुठलंही चालेल. शिक्षकांच्या हाताला जीमेल बसलेलं आहे, म्हणून मी गूगल म्हणेन. पण मेख वेगळीच आहे: फाइल कोणाच्या नावावर आहे?

एखादे सर स्वतःच्या जीमेलवर फोल्डर करतात आणि लिंक ग्रुपवर टाकतात. सर बदलून गेले किंवा सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) मॅडमना पुढच्या वर्षी नेमणूक मिळाली नाही, की फोल्डरही त्यांच्याबरोबर जातं. कॉलेजच्या आयडीवरचं 'माय ड्राइव्ह' (त्या एका खात्याची जागा) वापरलं तरी धोका आहेच. खातं डिलीट झालं तर ॲडमिनला ते 20 दिवसांच्या आत परत आणता येतं, पुढे नाही. म्हणून वर्ष संपताना, मे महिन्यात, खाती डिलीट करू नका, नुसती सस्पेंड करा.

'शेअर्ड ड्राइव्ह'मधली फाइल संस्थेच्या मालकीची असते, माणूस गेला तरी जागेवर राहते. साध्या जीमेलवर ती तयार करता येत नाही. कॉलेजच्या डोमेनवर (वेबसाइटच्या पत्त्यावर) गूगलचं वर्कस्पेस फॉर एज्युकेशन लागतं. त्यातली 'फंडामेंटल्स' ही आवृत्ती फुकट आहे, साठवण अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी. डोमेन आपलंच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद घालावी लागते. वेबसाइट बघणाऱ्याला सांगा, तो घालून देईल.

सदस्य जोडताना घाई नको. नाव टाकलं की समोर आपोआप 'कंटेंट मॅनेजर' येतं, म्हणजे त्या माणसाला फाइल हलवताही येते आणि उडवताही. शिक्षकांसाठी ते बदलून 'काँट्रिब्युटर' करा: भर घालता येईल, दुरुस्ती करता येईल, डिलीट नाही. विभागप्रमुख कंटेंट मॅनेजर. 'मॅनेजर' दोनच, तुम्ही आणि प्राचार्यांच्या पदाचं खातं. उडालेली फाइल 30 दिवस ट्रॅशमध्ये मिळते. एकेक ईमेल जोडत बसण्यापेक्षा विभागवार गूगल ग्रुप करून तोच जोडा.

फोल्डर आधी वर्षाचं, त्यात नॅकचे निकष 1 ते 7. फाइलचं नाव असं: '2024-25_निकष3_मराठी_भित्तिपत्रक_अहवाल'. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी बघितलेली' हे कायमचं बंद.

जुना माल आणताना दोन ठिकाणी अडाल. एक, खासगी जीमेलवरच्या फाइलची मालकी कॉलेजच्या खात्याला देता येत नाही. ती कॉलेजच्या आयडीशी शेअर करून घ्या आणि तिथून 'मेक अ कॉपी' करा. अख्ख्या फोल्डरची कॉपी होत नाही, आतल्या फाइली सिलेक्ट कराव्या लागतात. दोन, कृतिदेव हा जुना फॉन्ट. त्यात टाइप केलेलं 'मराठी' गूगल डॉक्समध्ये ई-जे-के-बी-एच अशा रोमन अक्षरांत दिसतं, कारण आत अक्षरं रोमनच असतात, वरचा मुखवटा तेवढा फॉन्टचा. श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचं तेच. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं, रफार नजरेखालून घाला. चुका तिथेच राहतात. नवीन टायपिंग युनिकोडमध्येच, इनस्क्रिप्ट कीबोर्ड असो की फोनचा.

शिकवण्यासाठी गूगल क्लासरूम वापरणार असाल तर असाइनमेंटला फाइल जोडताना 'मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट' आधीच निवडा. एकदा पोस्ट झाल्यावर ते बदलता येत नाही, आणि 'कॅन एडिट' राहिलं तर सगळा वर्ग एकाच फाइलवर तुटून पडतो.

लिंक असणाऱ्या कुणालाही उघडेल असं शेअरिंग फक्त परिपत्रकांना. गुणपत्रकं, जातीचे दाखले, आधारच्या झेरॉक्स 'रिस्ट्रिक्टेड'च, आणि त्यांच्यासाठी शेअर्ड ड्राइव्हसुद्धा वेगळी.

व्हॉट्सॲप बंद करायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही. ग्रुपवर फाइल आली की तीच ड्राइव्हवर चढवून लिंक परत ग्रुपवर टाकायची. हे काम प्रत्येक विभागात एकाच्या नावावर लावा.